यहूदाला चेहरा कुणाचा?

शरणपूर, नाशिक
६ जुलै १९९७

प्रिय शलमोन,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

पाकीट जाड आहे म्हणून दचकू नकोस, आत कुणाच्या लग्नपत्रिका नाहीत. माझं पुस्तक आहे. मी शाळेतून रिटायर झाले तेव्हा तूच म्हणाला होतास, ताई, आता काहीतरी लिही. तू ते चहाच्या दोन घोटांमध्ये सहज म्हणालास हे मला ठाऊक आहे, पण मी ते धरून ठेवलं. मामेभाऊ प्रकाशक असून बहिणीचं पुस्तक निघालं नाही तर त्या प्रकाशनाचा उपयोग काय?

रविवारच्या शाळेत पोरांना सांगत आले त्याच या शास्त्रातल्या गोष्टी आहेत. नोहा, दावीद, योना, जक्कय, आणि शेवटी येशूचं शिष्यांबरोबरचं जेवण, क्रूस, पुनरुत्थान. नाव ठेवलंय 'चटईवरच्या गोष्टी'. त्या नावाला कारण आहे, आणि त्या कारणाचं नाव पुंजाजी साळवे आहे. आमच्या मंडळीचे खजिनदार. उपासनेत दानाची थैली घेऊन बाकांमधून फिरतात ते. पोरांच्या चटया पार फाटल्यात, काड्या टोचतात, म्हणून मी कमिटीपुढे नव्या चटया मागितल्या. तर म्हणाले, "प्रतिभाबाई, पोरं गोष्टीत रमली तर काडी टोचत नाही." सगळ्यांदेखत! मीही सगळ्यांदेखत सांगितलं की माझ्या गोष्टींचं पुस्तक नाताळात निघेल आणि पहिली प्रत तुम्हाला देईन, बसा चटईवर आणि वाचा. आता पुस्तक निघालं नाही तर मला शरणपुरात तोंड दाखवायला जागा नाही.

पण हे झालं भांडणाचं. खरं सांगू का, आमच्या पोरांना आपलं म्हणावं असं एक पुस्तक नाही रे. दर नाताळात बक्षीस म्हणून तुझ्याकडचं ते 'संकटसमयी धीर' वाटतात. दुसरीतल्या पोराला कसलं आलंय संकट? गेल्या वर्षी एका चिमुरडीने विचारलं, बाई, यात चित्र कुठाय? मी मुखपृष्ठावरची मेणबत्ती दाखवली. ती म्हणाली, ही तर लाईट गेल्यावर आमच्या घरी पण असते. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच दिवशी लिहायला बसले.

तेव्हा दोन अटी. पुस्तक नाताळाआधी, आणि पानोपानी चित्रं.

तुझी,
प्रतिभाताई


मोहरी प्रकाशन, अहमदनगर
१९ जुलै १९९७

प्रिय प्रतिभाताई,

ख्रिस्तात सलाम. हस्तलिखित वाचलं. योना माशाच्या पोटात बसून देवाशी हुज्जत घालतो तिथे मी ऑफिसात मोठ्याने हसलो, आणि आमच्या कंपोझिटरला वाटलं मी आजारी आहे. पुस्तक काढू. विश्वस्तांशीही बोललो.

मात्र एक उणीव आहे. तुझ्या गोष्टींना बोध नाही. गोष्ट संपते आणि तू सरळ दुसरी सुरू करतेस. ख्रिस्ती पुस्तकाची आपली एक पद्धत आहे, ताई. गोष्ट, मग बोध, मग प्रश्न, मग प्रार्थना. लहान असो की मोठं, वाचणाऱ्याला आपण काय शिकलो ते कळायला हवं.

चित्रांचंही सांगतो. आमच्याकडचे जुने ब्लॉक विलायती आहेत. त्यातला दावीद म्हणजे अगदी मिशनरी साहेबाचा मुलगा, भुरे केस, गुलाबी गाल. या खेपेस विश्वस्तांनी बजावलंय की चेहरे आपल्या माणसांसारखेच हवेत. नाशकात कुणी सालस चित्रकार असला तर पाहा.

'संकटसमयी धीर'बद्दल लिहिलंस ते मी मनावर घेत नाही. त्याच्या बऱ्याच प्रती गोदामात आहेत. दोन गठ्ठे पाठवू का?

तुझा,
शलमोन


शरणपूर, नाशिक
१७ ऑगस्ट १९९७

प्रिय शलमोन,

गठ्ठे पाठवलेस तर परत पाठवीन, आणि हमाली तुझ्याकडून घेईन.

बोध मी लिहिणार नाही. गोष्ट संपल्यावर पोरं गप्प बसली तर ती पोचली, आणि चुळबुळ करायला लागली तर बोधाने काही व्हायचं नाही. एवढी साधी गोष्ट तुझ्या विश्वस्तांना कळत नसेल तर त्यांना एक रविवार माझ्याकडे पाठव.

चित्रकार मिळाला! गोरक्ष नाव त्याचं. रविवार कारंज्याजवळ छोटंसं दुकान आहे. पाट्या रंगवतो, दिंडोरीच्या बागाईतदारांच्या ट्रॅक्टरवर नावं काढतो, शिवाय लोकांच्या घरातल्या वारलेल्या माणसांच्या तसबिरी करतो. आमच्या शाळेची पाटी त्याचीच. हात सुरेख आहे, पण तोरा विचारू नकोस. मी गोष्टी वाचून दाखवल्या तर डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाला, "बाई, ही माणसं कोण तुमची?"

मी म्हटलं, "विश्वासाच्या नात्याने आमचे वाडवडीलच म्हणायचे."

"फोटो हाय का?"

"नाही हो, किती जुनी माणसं ती."

"मग त्यांची नातवंडं-पतवंडं कुठं बघायला मिळतील?"

मला हसू आलं. म्हटलं, रविवारी सकाळी चर्चमध्ये या, सगळी एका ठिकाणी सापडतील. आणि खरंच आला रे! गेले काही रविवार शेवटच्या बाकावर वही घेऊन बसतो. सगळ्यांना वाटतंय माणूस विश्वासाकडे वळतोय. पाळकसाहेब तर हल्ली उपदेश त्याच्याकडे बघूनच करतात, आमच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. परवा पुंजाजींनी त्याच्यापुढे थैली धरली तर हा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघतच राहिला. पुंजाजी नंतर बाहेर सगळ्यांना सांगत होते, "काय भरून आलं होतं बिचाऱ्याला!"

तुझी,
प्रतिभाताई


अहमदनगर
३० सप्टेंबर १९९७

प्रिय प्रतिभाताई,

सलाम. बोधाचं तुझ्या मनासारखं होऊ दे. विश्वस्तांना मी सांगितलं की लेखिका फार भावनाप्रधान आहे.

चित्रं ऑक्टोबरात हातात हवीत, नाहीतर प्रेस नव्या वर्षाच्या कॅलेंडरांच्या कामात अडकेल. एक कळकळीची विनंती. प्रत्येक चित्र तू स्वतः नीट तपास आणि मागे 'पाहिले' असं लिहून सही कर. मागे एका पुस्तकात चित्रकाराने शमशोनाला चष्मा घातला होता आणि ते छापून आल्यावर आम्हाला कळलं. जबाबदारी एकाची असली की बरं.

तुझा,
शलमोन


शरणपूर, नाशिक
२२ ऑक्टोबर १९९७

प्रिय शलमोन,

सगळी चित्रं पाठवत आहे. प्रत्येक बारकाईने पाहिलं, मागे सही केली. कुणालाही चष्मा नाही. रंग छान आहेत. चित्रं फार छान आहेत. एकूण छानच आहे.

अक्षर जरा तिरकं येतंय, पेन खराब आहे.

प्रतिभाताई


अहमदनगर
२९ नोव्हेंबर १९९७

प्रिय प्रतिभाताई,

अभिनंदन! 'चटईवरच्या गोष्टी'चे गठ्ठे काल ट्रान्सपोर्टने रवाना केले. काय सुंदर पुस्तक झालंय! इतक्या वर्षांत आमच्याकडून असं काही निघालं नव्हतं. चेहरे तर असे जिवंत की आता बोलतील. खास करून यहूदा. मी तर त्याच्याकडे बघतच बसलो. थैली छातीशी धरलेली, बारीक डोळे, ओठ मुडपलेले. काय लबाडी उतरवलीय! हा शिष्य येशूला तीस नाण्यांसाठी विकणार हे लहान पोरसुद्धा सांगेल. त्या गोरक्षला माझी शाबासकी कळव.

एकच विचारतो, येशू सगळ्या चित्रांत पाठमोरा का?

आणि तुझं ते 'पाहिले' काही चित्रांवर कडेवरून पार बाहेर गेलंय. दोन ठिकाणी नुसतं 'पाहि' आहे. तो पेन टाकून दे आता.

तुझा,
शलमोन


शरणपूर, नाशिक
८ डिसेंबर १९९७

शलमोन,

घात झाला.

काल उपासनेनंतर सगळ्यांसमोर गठ्ठा फोडला. पहिली प्रत शब्द दिल्याप्रमाणे पुंजाजींना दिली, वर दोन शब्द टोचून बोलले. बाकीच्या कमिटीला एकेक वाटली. सगळे अंगणात पानं उलटत उभे. आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग महेशचा आवाज आला. हा ओझरच्या विमान कारखान्यात आहे, आमच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गातो, आणि दारातून वाकून आत यावं लागतं एवढा उंच आहे. तो ओरडला, "अरे, हा दावीदासमोरचा धिप्पाड गल्याथ म्हणजे मीच की!"

त्यानंतर जे सुरू झालं ते तुला काय सांगू! उंबरावर चढलेला जक्कय म्हणजे आमचे गोटीरामभाऊ. उंचीने कमी, पुढचं दिसत नाही म्हणून दर रविवारी खिडकीच्या कठड्यावर टेकतात. मागे वळून पाहिल्यामुळे मिठाचा खांब झालेली लोटाची बायको म्हणजे साधनाबाई, कारण चर्चचं दार करकरलं की ह्या मान वळवून बघणारच. येशूला क्रूसाची शिक्षा देऊन पिलात राजवाड्यात हात धुतोय, आणि चेहरा आमच्या पाळकसाहेबांचा! त्यांना प्रभुभोजनाआधी नळावर हात धुताना गोरक्षने पाहिलं असणार. पाळकसाहेब पुस्तक मिटून म्हणाले, "मला यात काही बोलायचं नाही," आणि निघून गेले.

आणि शेवटच्या जेवणाच्या चित्रात, थैली छातीशी धरून, पुंजाजी.

तूच लिहिलं होतंस ना, काय लबाडी उतरवलीय म्हणून? अरे, तो माणूस दूरचं बघताना डोळे बारीक करतो आणि त्याची कवळी सैल आहे म्हणून ओठ मुडपतो. लबाडी कसली! मी त्याच्याशी जन्मभर भांडले, पण त्याने कधी कुणाच्या पैशाला हात लावलेला नाही, हे मी देवासमोर सांगेन.

पुंजाजी ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आत जाऊन थैली वेदीजवळच्या टेबलावर ठेवली, घडी नीट केली, आणि म्हणाले, "आता दुसरा कुणीतरी फिरवा." आज शकुबाई, त्यांची बायको, नळावर भेटली तर तिने मला बघून हंडा अर्धाच भरला आणि गेली.

सगळं शरणपूर म्हणतंय की मी चटयांचा सूड घेतला. कमिटीने पुस्तक वाटायचं थांबवलंय. वीस तारखेला बैठक आहे. तिथे नाही म्हणाले तर गठ्ठे तुझ्याकडे परत येतील आणि पोरांना पुन्हा ती मेणबत्ती मिळेल. काहीतरी सुचव.

प्रतिभाताई


अहमदनगर
१२ डिसेंबर १९९७

प्रिय प्रतिभाताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. विश्वस्तांना अजून सांगितलेलं नाही.

ताई, रागावू नकोस, पण मला एकदा खरं सांग. जुलैत तू त्यांच्यावर किती चिडली होतीस ते पत्र माझ्याकडे आहे. प्रत्येक चित्रामागे तुझी सही आहे. तुझी नजर अशी की शाळेत मागच्या बाकावरची कॉपी तुला फळ्याकडे तोंड करून कळायची. तुला पुंजाजी दिसले नाहीत, असं मी कसं मानू? मुद्दाम केलं असशील तर तसं सांग, मी सांभाळून घेईन. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही कमी येणार नाही.

उपाय एकच दिसतो. चिकटवायचे छोटे कागद छापून देतो. यहूदाच्या तोंडावर दुसरा चेहरा डकवायचा. गोरक्षने नवा चेहरा काढून पाठवला की दोन दिवसांचं काम. त्याला मी पत्र टाकलंय आणि हे असं का केलंस असा जाबही विचारलाय.

तुझा,
शलमोन


रविवार कारंजा, नाशिक
१६ डिसेंबर १९९७

शलमोन साहेबांना गोरक्ष पेंटरचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही जाब विचारला म्हणून जाब देतो. मी कोणाचा सूड घेतला नाय, का कोणाचा घेऊन दिला नाय. मी माझ्या रीतीनं काम केलं.

आमच्याकडं माणसं येतात, म्हणतात, बाप वारला, फोटो नाय, तसबीर करून द्या. मग मी काय करतो, पोरांना समोर बसवतो. एकाचं नाक घेतो, एकाचा कपाळपट्टा घेतो, बहीण असली तर तिचे डोळे घेतो. तसबीर झाली का म्हातारी माय रडती, म्हणती हेच व्हते. आजवर कोणी तसबीर परत केली नाय. बाई म्हणल्या का ही आमची वाडवडील हायेत अन नातवंडं-पतवंडं चर्चात सापडतील. मी गेलो. बघितली. काढली. आता नातवाचं तोंड आज्यासारखं आलं तर पेंटरचा काय गुन्हा?

यहूदाचं म्हणाल तर बाईंच्या गोष्टीत लिहिलंय का त्याच्याकडं सगळ्यांची थैली असायची. मी सगळ्या बाकांवर बघितलं. थैलीवाला एकच माणूस व्हता. म्हणलं हा त्याच घरातला असणार. त्या मानसाशी माझं काय वैर? उलट त्यांनी मला बसायला जागा करून दिली व्हती.

येशूदेव पाठमोरे का, असं बाई विचारत व्हत्या तुमच्या वतीनं. देवाचा चेहरा मी चालत्या-बोलत्या मानसाचा घेत नाय. तेवढी शिस्त आमच्यात हाय.

नवा चेहरा काढून देतो. पण मनानं काढ म्हणाल तर जमायचं नाय. मनानं काढाया गेलो का दर वेळी माझ्या मेव्हण्याचं तोंड येतं, अन तो घोटीवरून भांडायला येईल. कोणाचा चेहरा लावायचा ते तुमच्या लोकांनी नक्की करून सांगावं. वीस तारखेला मला बी बोलावलंय. येतो.

एक गोष्ट तुम्हाला सांगाया पाहिजे. मी चित्रं दाखवायला गेलो तवा बाईंच्या डोळ्याला हिरवी पट्टी व्हती. त्यांनी जक्कय उलटा धरला व्हता अन छान छान म्हणल्या. मला वाटलं म्हणतात तर म्हणू द्या, गिऱ्हाईक खूश हाय.

गोरक्ष पेंटर
(आमच्याकडे ट्रॅक्टर, टेम्पो व तसबिरीची कामं होतील)


शरणपूर, नाशिक
२७ डिसेंबर १९९७

प्रिय शलमोन,

गोरक्षने तुला सगळं कळवलं ते त्याने मला स्वतःच अभिमानाने सांगितलं. हो. ऑक्टोबरात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि दुसऱ्या डोळ्याने धूसरच दिसतं. तुला कळवलं असतं तर तू म्हणाला असतास, ताई, आता पुस्तक पुढच्या वर्षी काढू. पुढच्या वर्षीपर्यंत पोरं मोठी होतात रे. म्हणून मी आंधळ्यासारख्या सह्या ठोकल्या. पेन चांगला होता.

आता बैठकीचं ऐक. तू दिलेला उपाय पाळकसाहेबांनी वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गोरक्ष पुढे येऊन वही उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "बोला, कोणाचं तोंड लावू?"

मी पुस्तकात लिहिलंय ना, की त्या जेवणाच्या वेळी एकेक शिष्य घाबरून विचारत होता, प्रभू, तो मी तर नाही ना? इथे कुणी तसं विचारलं नाही. सगळे शेजारच्याकडे बघत होते. गोटीरामभाऊ म्हणाले, महेशचा लावा, तो तसाही वाईटच आहे चित्रात. महेश म्हणाला, गल्याथ निदान समोरासमोर लढला, मी फितुरी करणार नाही. साधनाबाई म्हणाल्या, नुसता कोरा कागद चिकटवा. त्यावर सगळ्या आया एकदम म्हणाल्या, पोरं पहिल्यांदा तोच नखाने खरवडणार. पाळकसाहेब म्हणाले, मी दोन्ही बाजूंचा आदर करतो. गोरक्ष पेन्सिल घेऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत होता आणि ज्याच्याकडे बघेल तो मान खाली घालत होता.

पुंजाजी शेवटच्या बाकावर बसले होते. एकटेच. इतकी वर्षं ज्यांच्यापुढे थैली धरली त्यातला एकही त्यांच्या शेजारी जाऊन बसला नव्हता. मला ते बघवेना. मी उठले आणि सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन, पट्टी, न बघता केलेल्या सह्या. म्हटलं, सूड मी घेतला नाही, पण खोटं मी लिहिलं. दगा केला असेल तर तो मी, माझ्या सख्ख्या मामेभावाशी. तेव्हा माझाच चेहरा लावा.

गोरक्षने मला नीट निरखलं, मान वाकडी करून पाहिलं, आणि म्हणाला, "बाई, तुमच्या तोंडाला दाढी नाय शोभायची."

कुणी हसलं नाही. बैठक निर्णय न होता उठली. मी घरी येऊन गठ्ठ्यांकडे बघत बसले आणि मनाशी म्हटलं, प्रतिभा, संपलं तुझं पुस्तक. लहान पोरीसारखी रडले, तुला सांगायला काय लाज!

बावीस तारखेला सकाळी दारात पुंजाजी. हातात पुस्तक. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत, ओसरीवरच्या चटईवर बसले. म्हणाले, "काल दुपारी मी त्या पेंटरकडे गेलो होतो. त्याला म्हटलं, मी नाव सांगतो, तू काढ. त्याने पेन्सिल उचलली. मी पहिल्या बाकापासून सुरुवात केली, थैली फिरवतो त्या क्रमाने. महेशचं नाव तोंडात आलं होतं. पण माझी मुलगी गेली तेव्हा हा पोरगा कारखान्यात रजा टाकून आठ दिवस माझ्या घरी झोपायला होता. मग गोटीराम. तो आधी फार बोलतो, पण थैलीत टाकताना मूठ बंद ठेवतो, कुणाला दिसू देत नाही. साधनाबाई, तिचं लक्ष दाराकडे का असतं मला ठाऊक आहे. पोरगा घर सोडून गेलाय ना तिचा. असं करत मी सगळे बाक फिरलो, प्रतिभाबाई. एकाचंही नाव घेववेना. तो पेंटर कंटाळून चहा पिऊन आला."

मग म्हणाले, "खरं तर सगळ्यात आधी तुमचंच नाव घेणार होतो, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही बैठकीत स्वतःच उभ्या राहिलात. सगळी मजा घालवलीत."

आम्ही दोघंही हसलो रे. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "गोष्ट वाचली. हा यहूदा जेवायला बसलाय तेव्हा येशूने त्यालाही घास दिला, हे तुम्ही लिहिलंय. मी इतकी वर्षं ऐकतोय, पण ते कधी मनात शिरलं नव्हतं. माझं तोंड तिथे दिसलं तेव्हा शिरलं. राहू द्या तसंच. चिकटवू नका काही." आणि उठताना गुडघा चोळत म्हणाले, "काडी टोचते खरी."

खुद्द पुंजाजींनीच सांगितल्यावर कमिटीने बंदी उठवली आणि पंचवीसला पुस्तकं वाटली. पोरांचा काय गोंधळ! पण मोठी माणसं पोरांच्या हातून पुस्तकं ओढून घेत होती, ते बघायला तू हवा होतास. महेशने दावीदाची गोष्ट गल्याथ गोफणीच्या धोंड्याने पडतो तिथपर्यंत वाचली आणि तोंड पाडून बसला. गोटीरामभाऊ जक्कयाची गोष्ट येईल-जाईल त्याला मोठ्याने वाचून दाखवत होते, येशू याच्याच घरी जेवायला गेला बरं का, म्हणून. साधनाबाई माझ्याकडे आल्या आणि विचारलं, तो उधळा पुत्र बापाच्या घरी परत येतो ती गोष्ट कोणत्या पानावर आहे? ती वाचत त्या बराच वेळ पायरीवर बसल्या होत्या. पाळकसाहेबांनी उपदेशात पिलातावर बोलायचं धाडस केलं, जरा चाचरत, पण बोलले. तू मोठ्यांसाठी जन्मभर पुस्तकं छापलीस, शलमोन. आमच्या मंडळीतल्या मोठ्यांनी आवडीने वाचलेलं हे पहिलंच, आणि ते पोरांचं आहे. पुढच्या आवृत्तीची तयारी कर. 'संकटसमयी धीर'चे गठ्ठे खाली ठेवून वर हे ठेव.

दानाची वेळ आली तेव्हा टेबलावरची थैली उचलायला कुणी उठेना. सगळे परत शेजारच्याकडे बघायला लागले. मग मागून पावलं ऐकू आली. पुंजाजी सरळ पुढे गेले, थैली उचलली आणि पहिल्या बाकापासून सुरुवात केली. पोरं बोटं दाखवून कुजबुजत होती, आया त्यांची बोटं खाली ओढत होत्या. त्यांनी ज्याच्यापुढे थैली धरली त्याने आधी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मग टाकलं. एरवी कोण बघतं खजिनदाराच्या तोंडाकडे?

माझ्या बाकाशी येऊन ते थांबले. मी पर्समध्ये नाणी चाचपत होते. डोळे बारीक करून, ओठ मुडपून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "टाका पटकन प्रतिभाबाई, यहूदाला अजून पुष्कळ बाक फिरायचेत."

भर उपासनेत मी खो खो हसले, आणि शकुबाईने मागून माझ्या पाठीत धपाटा घातला.

तुझी,
प्रतिभाताई